तुरुंगाचं दार उघडल्यानंतर

(नभोवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)

अमेरिकेतल्या लॉस एंजलिस शहराच्या मध्यभागी बॉशे स्ट्रीट नावाचा एक रस्ता आहे. मेन्स सेंट्रल जेल आणि ट्विन टॉवर्स ही दोन मोठी कारागृहं याच रस्त्यावर आहेत. शहराचं मुख्य रेल्वे स्थानक तिथून चालत जाण्याइतकं जवळ आहे. आता अशी कल्पना करा, की रात्रीचे अकरा वाजलेत आणि बावीस वर्षांचा एक मुलगा या कारागृहातून बाहेर पडतोय. सुटकेचा हुकूम दुपारीच झाला होता. पण कागद पोचायचे, बोटांचे ठसे जुळवायचे, दुसरं एखादं वॉरंट शिल्लक आहे का ते तपासायचं, असं करता करता रात्र झाली. मुलाच्या हातात एक प्लास्टिकची पिशवी आहे. तिच्यात अटकेच्या दिवशी खिशात होतं तेवढंच सामान, आणि बॅटरी संपलेला एक मोबाईल.

या मुलाला घ्यायला कोण येणार? घरचं कुणी आलं तर उत्तमच. पण आई रात्रपाळीला असते, वडिलांचा पत्ता नसतो, असंही पुष्कळदा होतं. मग दोन गाड्या उरतात. एक टोळीतल्या मित्रांची. ती हमखास येते, तिला कुठलाही अर्ज भरावा लागत नाही. दुसरी गाडी एखाद्या संस्थेच्या कार्यकर्त्याची. ती यायची असेल, तर कुणीतरी सहा महिने आधी अंदाजपत्रकात तिच्या पेट्रोलची तरतूद केलेली असावी लागते. आजचा आपला विषय ही दुसरी गाडी आहे. तिचे पैसे कोण देतं, ते कुठून येतात, आणि पुष्कळदा ती वेळेवर का पोचत नाही, हे आपण समजून घेऊ.

काऊंटी म्हणजे काय?

अमेरिकेत राज्याखालोखाल काऊंटी असते. आपला जिल्हा डोळ्यांसमोर आणा, पण अधिकार मात्र त्याहून कितीतरी जास्त. कॅलिफोर्निया राज्यात अशा ५८ काऊंटी आहेत. त्यातली लॉस एंजलिस काऊंटी सर्वांत मोठी, लोकसंख्या एक कोटीच्या घरात. तिचा कारभार लोकांनी निवडून दिलेलं पाच जणांचं मंडळ पाहत आलं आहे. मतदारांनी २०२४ साली हे मंडळ पुढे नऊ जणांचं करायचं ठरवलं.

तिथे तुरुंगाचे दोन प्रकार आहेत. लांब शिक्षेचे कैदी ठेवतात ते राज्य सरकारचे तुरुंग. ज्यांचा खटला चालू आहे किंवा ज्यांना थोडक्या मुदतीची शिक्षा झाली आहे, त्यांना ठेवायची ती काऊंटीची जेल. ही जेल शेरीफच्या ताब्यात असते. आपल्याकडे मुंबईचे शेरीफ, म्हणजे नगरपाल, हे मानाचं पद. तिथला शेरीफ मात्र निवडून आलेला, हत्यारबंद पोलिसदलाचा प्रमुख असतो. सुटल्यानंतर देखरेख ठेवणारं प्रोबेशन खातंही काऊंटीचंच. सार्वजनिक रुग्णालयं, मानसिक आरोग्य खातं आणि गरिबांना मदत देणारं खातं हीसुद्धा काऊंटीचीच.

म्हणजे बघा, ज्या सरकारनं या मुलाला आत ठेवलं, त्याच सरकारच्या हातात त्याला दवाखाना, शिकवणी, निवारा आणि कामाची वाट दाखवण्याचं सामर्थ्य आहे. तुरुंगातून परत समाजात येण्याच्या या प्रवासाला तिथे रीएंट्री म्हणतात. त्यासाठी लागणाऱ्या मदतीला रीएंट्री सेवा असं नाव आहे. सगळे धागे एकाच हातात असल्यामुळे काम सोपं असायला हवं. ते तसं नाही, आणि याचं मुख्य कारण पैशांच्या वाटा हे आहे.

२०११ साली काय बदललं?

कॅलिफोर्नियात राज्याचे तुरुंग खच्चून भरले होते. क्षमता सुमारे ८० हजारांची आणि कैदी जवळजवळ दुप्पट. व्यायामशाळेत तीन मजली खाटा टाकून माणसं ठेवली जात. आजारी कैद्यांना उपचार मिळत नव्हते. प्रकरण देशाच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं. मे २०११ मध्ये न्यायालयानं निकाल कायम केला, की कैद्यांची संख्या क्षमतेच्या १३७.५ टक्क्यांपर्यंत खाली आणा.

त्याच वर्षी राज्यानं एक कायदा केला. असेंब्ली बिल १०९ या नावानं तो ओळखला जातो आणि १ ऑक्टोबर २०११ पासून तो लागू झाला. ज्यांचा गुन्हा गंभीर, हिंसक किंवा लैंगिक स्वरूपाचा नाही, अशांनी शिक्षा राज्याच्या तुरुंगात न भोगता काऊंटीच्या जेलमध्ये भोगायची, असं ठरलं. राज्याच्या तुरुंगातून सुटणाऱ्या अनेकांवर देखरेख ठेवण्याचं कामही काऊंटीकडे आलं. जबाबदारी दिली तसा पैसाही दिला. राज्याच्या विक्रीकराचा एक ठरलेला हिस्सा आणि वाहन परवाना शुल्कातला काही भाग काऊंटीकडे वळवण्यात आला. २०१२ साली मतदारांनी या पैशाला राज्यघटनेचं संरक्षणही दिलं.

हा पैसा खर्च कसा करायचा, याची योजना प्रत्येक काऊंटीत एक समिती करते. प्रोबेशन खात्याचा प्रमुख तिचा अध्यक्ष असतो. शेरीफ, एक पोलीसप्रमुख, सरकारी वकील, आरोपींच्या बाजूनं उभा राहणारा सरकारी वकील, न्यायालयाचा प्रतिनिधी आणि समाजसेवेच्या एखाद्या खात्याचा प्रमुख, अशी माणसं तिच्या कार्यकारी मंडळात बसतात. समितीची योजना काऊंटीच्या मंडळाला नको असेल, तर ती फेटाळायला चारपंचमांश मतं लागतात. म्हणजे समितीत जो जोर लावेल, त्याचं बहुधा चालतं.

आता इथे एक गोष्ट ध्यानात घ्या. कायद्यानं पैसा दिला, पण त्यातला किती जेलच्या खाटांवर आणि शिपायांवर घालायचा, किती उपचार, निवारा आणि कामावर घालायचा, हे सांगितलं नाही. ते ज्यानं त्यानं ठरवायचं होतं. त्यामुळे एका काऊंटीत पैसा नव्या कोठड्यांकडे गेला आणि शेजारच्या काऊंटीत तो सल्लागारांकडे आणि व्यसनमुक्तीकडे गेला. कायदा एक असला, तरी बाहेर पडणाऱ्या मुलाचं नशीब पत्त्यावर अवलंबून राहिलं.

अनेक पिशव्या, अनेक गाठी

या मुख्य पैशाखेरीज आणखी काही पिशव्या आहेत. २०१४ साली मतदारांनी प्रपोझिशन ४७ मंजूर केलं. किरकोळ चोरी आणि स्वतःजवळ अमली पदार्थ बाळगणं हे गुन्हे सौम्य ठरले, कैदी कमी झाले. तुरुंगावरचा जो खर्च वाचला, त्यातला ६५ टक्के पैसा मानसिक उपचार, व्यसनमुक्ती आणि तुरुंगाला पर्याय ठरतील अशा कामांना अनुदान म्हणून द्यायचं ठरलं. पुढे २०२४ मध्ये मतदारांनीच प्रपोझिशन ३६ मंजूर करून यातल्या काही शिक्षा पुन्हा कडक केल्या. कैदी वाढले की बचत घटणार, आणि बचतीवर चालणारी अनुदानंही घटणार, हे उघड आहे.

केंद्र सरकारनं २००८ साली सेकंड चान्स कायदा केला. त्याखाली राज्यांना, काऊंटींना आणि संस्थांना रीएंट्रीसाठी अनुदान मिळतं. गरिबांच्या आरोग्यविम्याची मेडी-कॅल योजना आहे. माणूस आत गेला, की केंद्राच्या नियमामुळे या विम्याचा आधार जवळपास थांबत असे. जानेवारी २०२३ मध्ये कॅलिफोर्नियाला देशात सर्वांत आधी परवानगी मिळाली, की सुटकेआधीच्या ९० दिवसांत काही ठराविक सेवा या विम्यातून देता येतील. औषधं हातात देऊन आणि बाहेरच्या डॉक्टरशी आधी गाठ घालून देऊन माणसाला सोडायचं, ही त्यामागची कल्पना आहे.

लॉस एंजलिस काऊंटीच्या मतदारांनी नोव्हेंबर २०२० मध्ये आणखी एक पाऊल टाकलं. काऊंटीचं स्वतःचं, इतर बंधन नसलेलं जे उत्पन्न आहे, त्यातला किमान १० टक्के भाग वस्त्यांमधल्या कामांवर आणि तुरुंगाला पर्याय ठरणाऱ्या सेवांवर खर्च करायचा. पोलीस आणि जेल यांना त्यातला पैसा द्यायचा नाही. मेझर जे हे त्या प्रस्तावाचं नाव. २०२१ मध्ये खालच्या न्यायालयानं तो घटनाबाह्य ठरवला. २०२३ मध्ये वरच्या न्यायालयानं तो पुन्हा उभा केला. मधल्या काळात मंडळानं आपल्या अधिकारात तशाच कामांसाठी पैसा दिला. २०२२ च्या नोव्हेंबरात या सगळ्यासाठी काऊंटीचं एक वेगळं खातंही सुरू झालं.

पैसा नाही असं म्हणता येणार नाही. पण तो तुकड्यांत आहे आणि प्रत्येक तुकड्याची गाठ वेगळी आहे. एका पिशवीतून निवारा देता येतो, पण फक्त मानसिक आजार असलेल्याला. दुसरीतून उपचार होतो, पण कामावर ठेवता येत नाही. त्या रात्री अकरा वाजता बाहेर आलेल्या मुलाची गरज अशी वाटून घेतलेली नसते. त्याला एकाच वेळी झोपायला जागा, ओळखपत्र, जेवण आणि बोलायला माणूस हवा असतो.

टोळीतल्या मुलांचं वेगळं काय?

कुणी विचारील, सुटणारे सगळेच अडचणीत असतात, मग टोळीतल्या तरुणांसाठी वेगळी सोय कशाला? कारण अडचण वेगळी आहे. अठरा ते पंचवीस हे वय कायद्यानं सज्ञान असलं, तरी पुढचा विचार करणारा, आवेग आवरणारा मेंदूचा भाग पंचविशीपर्यंत घडतच असतो. त्यात टोळी म्हणजे नुसती वाईट संगत नव्हे. पुष्कळांच्या बाबतीत थोरला भाऊ, चुलतभाऊ, कधी वडीलही तिच्यातलेच असतात. नोकरीचा राजीनामा द्यावा तसा तिचा राजीनामा देता येत नाही.

शिवाय गल्ल्यांच्या हद्दी असतात. प्रोबेशनचं कार्यालय दुसऱ्या टोळीच्या हद्दीत असेल, तर तिथे जाणारी बस या मुलाला जिवावरची वाटते. तो गेला नाही, की कागदावर गैरहजर अशी नोंद होते आणि गैरहजेरीसाठी पुन्हा जेल. टोळीतल्या माणसांना भेटायचं नाही, अशी प्रोबेशनची अट असते. पण घरात जेवायच्या टेबलाशी बसलेला चुलतभाऊच टोळीतला असेल, तर अट पाळायची कशी? मानेवर, चेहऱ्यावर टोळीचं गोंदण असेल, तर दुकानदार कामावर ठेवत नाही आणि रस्त्यावरचा शत्रू ओळखल्याशिवाय राहत नाही.

म्हणून या मुलांसाठीची सेवा निराळी लागते. घेऊन जाणारी, आणून सोडणारी गाडी लागते. गोंदण काढून टाकणारा डॉक्टर लागतो. कधी वस्ती बदलायला मदत लागते. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे त्याच वाटेनं गेलेला आणि परत आलेला, त्याचं ऐकून घेणारा एक माणूस लागतो. लॉस एंजलिसमधल्या होमबॉय इंडस्ट्रीज या संस्थेनं हे ओळखलं. फादर ग्रेगरी बॉयल हे जेझुइट धर्मगुरू बॉईल हाइट्स भागातल्या एका गरीब वस्तीत काम करत होते. १९८८ मध्ये त्यांनी टोळीतल्या मुलांना काम मिळवून द्यायला सुरुवात केली. १९९२ मध्ये बेकरी निघाली. शत्रू टोळ्यांमधली मुलं एकाच भट्टीशी उभी राहून पाव भाजू लागली. संस्थेचा मुख्य कार्यक्रम दीड वर्षाचा आहे. पगार, समुपदेशन, शिक्षण, गोंदण काढणं हे सारं एका छपराखाली होतं. २०२४ साली फादर बॉयल यांना अमेरिकेचा सर्वोच्च नागरी सन्मान मिळाला.

शिक्का कोण मारतो?

इथे एक अवघड प्रश्न येतो. टोळीतल्या तरुणांसाठी पैसा मंजूर झाला, तर टोळीतला कोण हे ठरवणार कोण? कॅलिफोर्नियात पोलिसांची एक सामाईक नोंदवही होती, कॅलगँग नावाची. २०१६ मध्ये राज्याच्या लेखापरीक्षकांनी ती तपासली. नोंदीच्या वेळी वय एक वर्षाहूनही कमी, अशी ४२ माणसं तिच्यात सापडली. त्यातल्या २८ जणांनी आपण टोळीत असल्याचं स्वतः कबूल केलं, असा शेरा होता! हसू येतं खरं. पण अशाच नोंदीवरून कुणाची झडती घेतली जाते, कुणाची शिक्षा वाढते. २०२१ मध्ये राज्यानं कायदा बदलून, टोळीच्या नावाखाली शिक्षा वाढवण्यासाठी लागणारा पुरावा अधिक कडक केला.

मदतीच्या अर्जात टोळीचं नाव लिहायला लावलं आणि तो कागद उद्या पोलिसांकडे गेला, तर मुलगा मदत मागायला येणारच नाही. म्हणून पैसा देणाऱ्यानं दोन गोष्टी पाहायला हव्यात. एक, मुलाच्या स्वतःच्या सांगण्यावर विश्वास ठेवला जातो का? आणि दुसरी, संस्थेची यादी संस्थेकडेच राहते का?

पहिले दिवस आणि पुढची दोन वर्षं

आता मूळ मुद्दा. हा पैसा उपयोगी पडतो का? संशोधनाचं उत्तर सरसकट हो असं नाही. पण वेळेबद्दल ते बरंच स्पष्ट बोलतं. वॉशिंग्टन राज्यातल्या सुटलेल्या कैद्यांचा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. सुटकेनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत मृत्यूचा धोका इतर नागरिकांच्या मानानं सुमारे पावणेतेरा पट आढळला. त्यात अमली पदार्थांचा अतिरेक हे सर्वांत मोठं कारण होतं. न्यूयॉर्कमध्ये सुटलेल्यांना लगेच तात्पुरतं काम देणाऱ्या एका कार्यक्रमाची पाहणी २०१२ मध्ये पूर्ण झाली. ज्यांना सुटकेनंतर तीन महिन्यांच्या आत काम मिळालं, त्यांच्यात पुन्हा गुन्ह्याकडे वळण्याचं प्रमाण घटलं. उशिरा आलेल्यांत तसा फरक दिसला नाही. कायमची नोकरी मिळण्यात मात्र फारसा फरक पडला नाही, हेही त्या पाहणीनं प्रामाणिकपणे सांगितलं. तुरुंगातल्या शिक्षणाबद्दल रँड संस्थेनं २०१३ मध्ये अनेक अभ्यास एकत्र तपासले. शिकलेले कैदी न शिकलेल्यांपेक्षा कमी प्रमाणात परत तुरुंगात येतात, असं तिला आढळलं.

म्हणजे मदत लवकर पोचली पाहिजे, आणि दीर्घकाळ टिकली पाहिजे. सरकारी पैशाची चाल मात्र याच्या नेमकी उलट आहे. तो उशिरा येतो आणि लवकर संपतो. पुष्कळ करार असे असतात, की संस्थेनं आधी खर्च करायचा, पावत्या जोडायच्या आणि मग पैशांची वाट पाहायची. मोठी संस्था कर्ज काढून तग धरते. वस्तीतली लहान संस्था, जिला त्या मुलांची खरी ओळख असते, ती करारच घेऊ शकत नाही. अनुदानाची मुदत ठरलेली असते. आर्थिक वर्ष ३० जूनला संपतं. जूनअखेर ज्या कार्यकर्त्याचा पगार थांबतो, तोच मुलगा रात्री दोन वाजता फोन करील असा एकमेव माणूस असतो. नवा माणूस येतो, नवा अर्ज भरून घेतो, आणि मुलगा पुन्हा पहिल्यापासून आपली कहाणी सांगायला लागतो. दुसऱ्या वेळेला तो सांगतच नाही.

मे २०१० मध्ये होमबॉय इंडस्ट्रीजजवळचा पैसा संपला आणि तीनशेच्या आसपास कामगारांना कमी करावं लागलं. त्यातले कित्येक जण पगार नसतानाही कामावर येत राहिले. त्याच वर्षी काऊंटीच्या मंडळानं संस्थेशी दहा लाख डॉलरहून अधिक रकमेचा करार केला. नावाजलेल्या संस्थेची ही गत, तर लहानांचं काय? एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेच्या न्याय खात्यानं शेकडो अनुदानं मुदत संपण्याआधीच रद्द केली. हिंसा रोखणाऱ्या वस्तीपातळीवरच्या अनेक संस्था त्यात होत्या. अशा वेळी काऊंटीचा स्वतःचा पैसा हाच आधार उरतो.

ज्यांचं माणूस गेलं, त्यांचं काय?

या खर्चाला विरोध करणारे सगळेच निर्दय नसतात. ज्या आईचा मुलगा टोळीच्या गोळीनं गेला, ती विचारते, त्याला गाडी, त्याला काम, त्याला डॉक्टर, मग माझ्यासाठी काय? हा प्रश्न झटकून टाकता येत नाही. तिला मदत मिळालीच पाहिजे. प्रपोझिशन ४७ च्या बचतीतला दहावा हिस्सा पीडितांच्या सेवेसाठी ठेवलेला आहे, तो त्याचसाठी. पण आणखी एक गोष्ट तिला पुष्कळदा आपल्याआधी कळलेली असते. आज गोळी झाडणारा आणि उद्या गोळी खाणारा ही टोळीच्या जगात वेगवेगळी माणसं नसतात. एकाला बाहेर काढणं म्हणजे पुढच्या आईचं दुःख टाळणं. हिशेबाच्या भाषेत बोलायचं, तर कॅलिफोर्नियाच्या राज्य तुरुंगात एका कैद्यावर वर्षाला एक लाख डॉलरहून अधिक खर्च होतो. तो खर्च कुणी अर्ज न करता, पावत्या न जोडता, दरवर्षी मंजूर होतो.

तेव्हा एखाद्या काऊंटीचं अंदाजपत्रक चांगलं की वाईट, हे ओळखायला मोठी आकडेमोड करावी लागत नाही. तीन प्रश्न पुरे आहेत. सुटकेच्या रात्री दाराशी कुणी उभं राहावं यासाठी पैसा ठेवलाय का? तोच माणूस दोन वर्षांनीही कामावर असेल, अशी सोय आहे का? आणि मदत घेणाऱ्या मुलाचं नाव पोलिसांच्या वहीत जाणार नाही, याची खात्री आहे का? तिन्हींची उत्तरं होकारार्थी असतील, तर बॉशे स्ट्रीटवर प्लास्टिकची पिशवी घेऊन उभ्या असलेल्या त्या मुलाला निदान निवड करता येईल. आज बहुतेक रात्री त्याच्यासमोर एकच गाडी उभी असते.